‘नामदेव’ म्हणजे नेमकं काय? हिंगोलीच्या नर्सीतून पंजाबपर्यंत पोहोचलेल्या नावाचा अर्थ, इतिहास आणि युरोपातले भाऊबंद

हिंगोली : कार्तिक शुद्ध एकादशी म्हटलं की आधी पंढरपूर आठवतं. पण हिंगोली जिल्ह्यासाठी या तिथीला आणखी एक महत्त्व आहे. परंपरेनुसार शके ११९२ मध्ये याच दिवशी, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी, संत नामदेवांचा जन्म झाला. हिंगोली तालुक्यातलं कयाधू नदीकाठचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. आषाढी वारी करून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीत येतात, या यात्रेला ‘परतवारी’ म्हणतात.

साडेसातशे वर्षं उलटली, तरी हे नाव वापरातून गेलेलं नाही. कुणाच्या आजोबांचं नाव नामदेव असतं, कुणाच्या वडिलांचं, तर मध्य प्रदेश-राजस्थानात ते चक्क आडनाव असतं. पंजाबात त्याच्यापुढे ‘बाबा’ किंवा ‘भगत’ लागतं. एवढं ओळखीचं नाव, पण त्याचा अर्थ विचारला तर दोन वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी सांगतं ‘नामाचा देव’, कुणी सांगतं ‘नाम हाच देव’. यातलं बरोबर कोणतं? हे नाव आलं कुठून? आणि एकाच नावामुळे मराठी साहित्याच्या अभ्यासकांची डोकेदुखी का वाढली? समजून घेऊया.

दोन शब्द, दोन्ही खूप जुने

‘नामदेव’ हे ‘नाम’ आणि ‘देव’ या दोन शब्दांचं मिळून झालेलं सामासिक नाव आहे.

‘नाम’ हा संस्कृत ‘नामन्’वरून आला. बोलीतलं ‘नाव’ही त्याच घरातलं. हा शब्द भारतापुरता मर्यादित नाही. फारसीत ‘नाम’, लॅटिनमध्ये ‘नोमेन’, ग्रीकमध्ये ‘ओनोमा’, इंग्रजीत ‘नेम’. सर्बियन आणि क्रोएशियन भाषांत नावाला ‘इमे’ म्हणतात. ऐकताना हा शब्द वेगळा वाटतो, पण त्याचं अनेकवचन ‘इमेना’ होतं आणि ‘नामन्’मधले ‘म’ आणि ‘न’ तिथे स्पष्ट दिसतात. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्या शब्दांचं मूळ एकाच प्राचीन भाषेत शोधतात. तिला भारोपीय मूळभाषा म्हणतात.

‘देव’चंही तसंच. या शब्दाच्या मुळाशी चमकणं, प्रकाशणं असा अर्थ आहे. ‘दिवस’ आणि ‘दिव्य’ त्याचेच नातलग. लॅटिनमध्ये देवाला ‘देउस’ म्हणतात आणि लिथुआनियन भाषेत आजही ‘दिएवास’.

म्हणजे नर्सीतल्या शिंप्याच्या घरात ठेवलं गेलेलं हे नाव ज्या दोन शब्दांनी बनलं, ते शब्द त्या घरापेक्षा काही हजार वर्षांनी जुने होते.

समास सोडवला तर अर्थ किती निघतात?

दहावीच्या व्याकरणात समासाचा विग्रह करायला सांगतात. ‘नामदेव’चा विग्रह तीन प्रकारे करता येतो आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो.

पहिला, षष्ठी तत्पुरुष : नामाचा देव. म्हणजे नामावर ज्याची सत्ता आहे, असा देव.

दुसरा, कर्मधारय : नाम हाच देव. ‘विद्याधन’चा विग्रह आपण ‘विद्या हेच धन’ असा करतो, तसाच हा. इथे नाम आणि देव वेगळे राहत नाहीत.

तिसरा, बहुव्रीही : नाम हाच आहे देव ज्याचा, तो. यात नाव देवाचं न राहता भक्ताचं होतं.

व्याकरण तिन्ही विग्रहांना परवानगी देतं. पण माणसाचं नाव म्हणून तिसरा विग्रह सगळ्यात चपखल बसतो. वारकरी परंपरेने नामदेवांना ज्या रूपात पाहिलं, ते रूपही हेच आहे. यज्ञ, तप, तीर्थाटन यांच्यापेक्षा नामस्मरण मोठं, हा त्यांच्या अभंगांतला मुख्य धागा. नामस्मरणाला पैसा लागत नाही, पुरोहित लागत नाही आणि जात आडवी येत नाही. म्हणून शिंपी, कुंभार, माळी, सोनार, महार अशा समाजांतून आलेली संतमंडळी एका वाळवंटात उभी राहू शकली.

‘नामा’ की ‘नामदेव’?

अभंग वाचताना एक गोष्ट लक्षात येते. शेवटी कवी आपली सही करतो तेव्हा बहुतेक वेळा ‘नामा’ एवढंच म्हणतो. ‘नामा म्हणे’ ही त्यांची नाममुद्रा. मग ‘देव’ कुठून आला?

याचं उत्तर त्या काळातल्या नावांत मिळतं. नामदेवांच्या जन्मानंतर लगेच, १२७१ मध्ये, देवगिरीच्या गादीवर यादव राजा रामचंद्र बसला. लोक त्याला रामदेवराय म्हणून ओळखतात. त्याच काळात ज्ञानदेव होते, सोपानदेव होते, चांगदेव होते. नावापुढे ‘देव’ लावणं ही तेव्हाची प्रतिष्ठेची पद्धत होती. राजाच्या नावाला ते जोडलं जायचं आणि संताच्याही. त्यामुळे घरातला ‘नामा’ लोकांच्या तोंडी ‘नामदेव’ झाला असावा, असं म्हणायला जागा आहे.

आपुलकीचा दुसरा प्रत्यय म्हणजे ‘बा’. ज्ञानोबा, चोखोबा, गोरोबा, विसोबा ही नावं त्यातूनच झाली. संत स्वतःचा उल्लेख मात्र लहान रूपात करतात : नामा, चोखा, गोरा, जनी आणि पुढच्या काळात तुका. मान देणारं नाव लोकांनी दिलं, स्वतःसाठी त्यांनी घरातलं नाव ठेवलं.

औंढ्यात नावाचा अर्थ कसा बदलला?

नामदेवांच्या नावाचा अर्थ उलगडणारी सगळ्यात प्रसिद्ध कथा हिंगोली जिल्ह्यातच घडते. ती इतिहासाची नोंद नाही, परंपरेने सांगितलेली कथा आहे. पण नावाचा अर्थ समजायला ती फार उपयोगी पडते.

संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरा कुंभारांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटण्याने थापटून पाहिलं. मडकं पक्कं की कच्चं, याची ही परीक्षा. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे. नामदेवांची अडचण अशी होती की त्यांचा विठ्ठल पंढरपूरच्या मूर्तीत होता. ते त्याच्याशी बोलायचे, भांडायचे, त्याला जेवू घालायचे. मूर्तीबाहेर देव असतो, हे त्यांना उमगलं नव्हतं. आणि त्यांना गुरूही नव्हता.

त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जायला सांगण्यात आलं. देवळात पाहतात तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो आहे, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतील तिथे शिवलिंग दिसू लागलं.

आता हा प्रसंग नावाशी जोडून पाहा. देव एका मूर्तीत, एका गावात, एका देवळात नसेल, तर भक्ताने धरून ठेवायचं काय? परंपरेचं उत्तर आहे : नाम. ते सोबत नेता येतं, शेतात म्हणता येतं, कापड शिवताना म्हणता येतं. औंढ्याच्या आधी ‘नामदेव’ हे फक्त हाक मारायचं नाव होतं. औंढ्यानंतर ‘नाम हाच देव’ हा विग्रह त्यांच्या जगण्यातून दिसू लागला, असं ही कथा सांगते.

विसोबांच्या ‘खेचर’ या नावाचाही उलगडा करायला हवा. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश आणि ‘चर’ म्हणजे फिरणारा. आकाशात संचार करणारा तो खेचर. योगपरंपरेत ‘खेचरी मुद्रा’ प्रसिद्ध आहे. बोलीत मात्र खेचर म्हणजे घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेलं जनावर. विसोबा सुरुवातीला ज्ञानेश्वरांचे विरोधक होते आणि हे नाव त्यांना त्यातूनच चिकटलं, असं लोककथा सांगते. एकाच शब्दात शिवी आणि पदवी दोन्ही.

औंढ्याची आणखी एक कथा सर्वांना माहीत आहे. नामदेवांना देवळासमोरून हटवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमध्येही नामदेवांच्या नावावरच्या एका शबदात आहे. तिथे गावाचं नाव नाही, पण जातीमुळे उठवलं गेल्याची वेदना स्पष्ट आहे.

मुलांची नावं : नारा, विठा, गोंदा, म्हादा

नामदेवांच्या घरातली नावं पाहिली की ‘नाम’ या शब्दाचं त्या घरातलं वजन कळतं. वडील दामाशेट, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई आणि मुलगी लिंबाई. मुलं चार : नारा, विठा, गोंदा आणि म्हादा. म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव.

चारही नावं देवांची. मुलाला जेवायला हाक मारली तरी नामस्मरण घडावं, हा त्यामागचा विचार आपल्याकडे जुना आहे. भागवतातला अजामिळ मरताना देवाला नव्हे, आपल्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारतो आणि तरीही तरून जातो. ही कथा कीर्तनांतून गावोगावी पोहोचलेली आहे. देवाचं नाव मुलाला ठेवण्याची प्रथा आजही टिकून आहे, त्यामागे या कथेचाही वाटा आहे.

याच घरात वाढलेल्या जनाबाईंनी तर आपली ओळखच या नावाला जोडली. त्यांच्या अभंगांत ‘नामयाची जनी’ किंवा ‘नामयाची दासी’ अशी मुद्रा येते. इतर संतांच्या सहीत एक नाव असतं, जनाबाईंच्या सहीत अनेकदा दोन.

परंपरेत घराण्याचं आडनाव रेळेकर सांगितलं जातं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. त्या नियमाने लिहायचं तर पूर्ण नाव होईल : नामदेव गोणाई दामाशेट रेळेकर. गंमत म्हणजे परंपरेने गोणाईचं नाव आधीपासूनच जपलं आहे. नामदेवांचं चरित्र सांगताना आईचं नाव वगळून कुणी पुढे जात नाही.

युरोपातले भाऊबंद : बोग्दान आणि बोलेस्लाव

दोन शब्द जोडून नाव बनवायचं आणि त्यात एक शब्द देवाचा किंवा कीर्तीचा ठेवायचा, ही पद्धत भारताबाहेरही आहे. पूर्व आणि मध्य युरोपातल्या स्लाव्ह लोकांची, म्हणजे रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्ब वगैरे समाजांची, जुनी पुरुषनावं अगदी याच साच्यात बनलेली आहेत.

‘बोग्दान’ हे त्यातलं एक लोकप्रिय नाव. सतराव्या शतकात युक्रेनमधल्या कोसॅक उठावाचं नेतृत्व करणारा बोग्दान ख्मेलनित्स्की इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा मृत्यू १६५७ मध्ये झाला, म्हणजे तो शिवाजी महाराजांच्या तरुणपणीचा समकालीन. ‘बोग’ म्हणजे देव आणि ‘दान’ म्हणजे दिलेला. बोग्दान म्हणजे देवाने दिलेला, आपल्याकडचा देवदत्त.

साम्य इथेच संपत नाही. स्लाव्ह ‘बोग’ हा संस्कृत ‘भग’चा नातलग आहे. ‘भगवान’मधला ‘भग’ तो हाच. वेदांत भग ही भाग्य वाटून देणारी देवता आहे. ‘बोग’ हा शब्द स्लाव्ह भाषांचा मूळचा की जुन्या इराणी भाषांतून उसना घेतलेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोन्ही मतांत धागा ‘भग’पर्यंतच जातो. ‘दान’ तर मराठी माणसाला सांगायला नको. आता महाभारत आठवा. कौरवांच्या बाजूने हत्तीवरून लढणारा प्राग्ज्योतिषपूरचा राजा कोण? भगदत्त. बोग्दान आणि भगदत्त या दोन नावांचा अर्थ एक, साचा एक आणि दोन्ही भागांची मुळंही एकच.

दुसरं उदाहरण ‘स्लाव’चं. मिरोस्लाव, स्तानिस्लाव, बोलेस्लाव अशा नावांच्या शेवटी येणारा ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. त्याचं नातं संस्कृत ‘श्रवस्’शी आहे. ‘श्रवण’ ज्या धातूपासून आलं, त्याच धातूपासून ‘श्रवस्’ही आलं. लोकांच्या कानावर जे पडतं, ती कीर्ती. बोलेस्लाव म्हणजे अधिक कीर्तीचा. महाभारतातला भूरिश्रवा म्हणजे पुष्कळ कीर्तीचा. दोघांच्या नावांत हजारो किलोमीटरचं अंतर आहे, पण आईबापांची इच्छा एकच.

मराठवाड्याला बोलेस्लाव तसा परका नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात ज्या स्कोडा कंपनीचा कारखाना आहे, तिचं मुख्यालय चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव या शहरात आहे. शहराच्या नावात बोलेस्लाव नावाच्या राजाची आठवण आहे.

फरक एकच आणि तो महत्त्वाचा आहे. बोग्दान, बोलेस्लाव ही नावं देवाची देणगी किंवा राजाची कीर्ती सांगतात. ‘नामदेव’मध्ये कीर्ती नाही, देणगी नाही. त्यात नाव घेण्याची कृतीच देवपदाला गेली आहे.

पंजाबात ‘नामदेउ’

परंपरेनुसार नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ उत्तरेत घालवला. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे त्यांच्या वास्तव्याचं मुख्य ठिकाण मानलं जातं. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांच्या रचनांना जागा मिळाली. आज गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांचे ६१ शबद आहेत. तिथे नाव ‘नामा’ आणि ‘नामदेउ’ अशा दोन्ही रूपांत दिसतं.

शीख धर्माच्या शिकवणीत ‘नाम जपो, किरत करो, वंड छको’ ही तीन सूत्रं आहेत. नाम घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. पहिलंच सूत्र ‘नाम’. त्यामुळे नर्सीहून गेलेल्या नावाला पंजाबात अर्थ समजावून सांगावा लागला नाही. हिंगोलीच्या शेजारीच नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये तिथेच निधन झालं. मराठवाड्याचं आणि पंजाबचं नातं असं दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे. नांदेडला येणारे शीख भाविक नर्सीतही दर्शनाला येतात.

एप्रिल २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. संत साहित्याचे अभ्यासक डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. मराठी संमेलन पंजाबातल्या एका गावात भरण्याचं कारण एवढंच होतं, की तिथे नामदेवांचं नाव आहे.

एक नाव, अनेक कवी : खरी अडचण इथे आहे

नाव लोकप्रिय झालं, की ते एकाचंच राहत नाही. नामदेवांच्या बाबतीत याची मोठी किंमत मोजावी लागली.

सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. त्याने मराठीत महाभारत ओवीबद्ध केलं. त्याची सही ‘विष्णुदास नामा’. नामदेवही स्वतःला विष्णूचा दास म्हणवू शकतातच. त्यामुळे हस्तलिखितांत दोघांच्या रचना एकमेकांत मिसळल्या. त्याशिवाय शतकानुशतकं कीर्तनकारांनी, भक्तांनी ‘नामा म्हणे’ अशी सही करून अभंग रचले. यात फसवणूक नव्हती. आपली रचना त्या परंपरेची आहे, हे सांगण्याची ती रीत होती.

जन्माच्या सातशेव्या वर्षी, १९७० मध्ये, महाराष्ट्र शासनाने नामदेवांची गाथा प्रकाशित केली. तिच्यात दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. यातले तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे कोणते आणि नंतरच्या ‘नाम्यां’चे कोणते, ही चर्चा आजही सुरू आहे. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेत्झके यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांच्या मांडणीचा आशय असा, की ‘नामदेव’ हे केवळ एका कवीचं नाव उरलं नाही. कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सामूहिक स्मृतीचं ते नाव झालं.

जन्मस्थळाचा वादही याच वळणाचा. चरित्रपरंपरेत ‘नरसी बामणी’ असा उल्लेख येतो. हिंगोलीतलं नर्सी सर्वाधिक मान्यता मिळालेलं ठिकाण आहे. काही अभ्यासक मात्र पंढरपूरकडे किंवा कराड परिसराकडे बोट दाखवतात. नर्सी नावाची गावंही एकाहून जास्त आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात नरसी आहे. म्हणूनच हिंगोलीतल्या गावाला लोक ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. गावाने माणसाला ओळख दिली आणि आता माणसाचं नाव गावाची ओळख पटवतं.

हे नाव कुणाचं?

शिंपी समाजाने हे नाव आपलं मानलं. महाराष्ट्रात ‘नामदेव शिंपी’ अशी समाजाची ओळख आहे. मध्य प्रदेश आणि राजस्थानातल्या शिंपी व छिपा समाजांत ‘नामदेव’ हे आडनाव लावतात. सागरचे अभिनेते गोविंद नामदेव यांच्यामुळे हे आडनाव पडद्यावरही पोहोचलं.

पण महाराष्ट्रात ते एका जातीचं राहिलं नाही. ‘गोलपिठा’ लिहिणारे आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्यांपैकी एक असलेले नामदेव ढसाळ. रानातल्या कविता लिहिणारे ना. धों. महानोर, त्यांच्या नावातला ‘ना’ म्हणजे नामदेवच. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना वाचवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव. तिघांची जात वेगळी, गाव वेगळं, काम वेगळं. नाव एक.

‘व्ही’ लिहायचं की ‘ओ’?

आता रोजच्या व्यवहारातला प्रश्न. इंग्रजीत हे नाव दोन प्रकारे लिहिलं जातं. कुणी शेवटी ‘ई-व्ही’ लिहितं, कुणी ‘ई-ओ’. ‘ई-ओ’ ही चूक नाही. मराठीत ‘देव’मधला शेवटचा ‘व’ इतका हलका उच्चारला जातो, की तो ‘देओ’ ऐकू येतो. जुन्या इंग्रजी नोंदींत तसंच उतरवलं गेलं. देवळालीचं रूढ इंग्रजी नाव पाहा, तिथेही ‘ओ’ आहे. महादेव, वासुदेव, सहदेव यांचंही तेच.

अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ओ’ असतो आणि आधारवर ‘व्ही’. बँक खातं, पॅन, पासपोर्ट किंवा एखाद्या योजनेची ई-केवायसी करताना संगणक दोन्ही नावं वेगळी मानतो. संगणकाला उच्चार कळत नाही, अक्षरं कळतात. मराठी पद्धतीत वडिलांचं नाव मुलांच्या नावात मधोमध येतं, त्यामुळे वडिलांच्या नावातला हा एका अक्षराचा फरक मुलांच्या कागदपत्रांपर्यंत उतरतो.

अशा वेळी आधी सगळी कागदपत्रं समोर ठेवून सर्वांत जास्त ठिकाणी कोणतं स्पेलिंग आहे ते पाहावं आणि तेच कायम धरावं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने दुरुस्ती टाकू नये. नावात अधिकृत बदल हवा असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे. घरात मूल जन्मल्यावर जन्मदाखल्यावर आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, हे तेव्हाच तपासलेलं बरं.

देवनागरीत मात्र हा घोळ नाही. नर्सीत, पंढरपुरात महाद्वाराच्या नामदेव पायरीवर किंवा एखाद्या सातबाऱ्यावर, हे नाव एकाच प्रकारे लिहिलं जातं. १३५० मध्ये नामदेवांनी त्या पायरीशी समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. विठ्ठलाकडे जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय आपल्याला लागावेत, म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. वारकरी मात्र त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, डोकं टेकवतात आणि नाव घेऊन पुढे जातात.